हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावाहून आला ते गाव हेच त्याचं नाव. मी बार्शी. माझी रूममेट भोपाळ. समोरच्या खोल्यांतल्या तिघी तेजपूर, कोटा आणि रांची. दूधवाला मथुरा. आम्ही दिल्लीत, मुनिरकातल्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि ते वर, गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत. पहाटे सव्वापाचला जिन्यातून आवाज यायचा, "भोपाळ! पाणी आलं! बार्शी, बादली! तेजपूर अजून झोपलंय का?" इमारतीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, आपण चुकून रेल्वे स्टेशनवरच खोली घेतली.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे सातारा जिल्ह्यातले. अठराव्या वर्षी फौजेत गेले, पण बंदूक चालवायला नाही. सुतार म्हणून. फौजेलाही खुर्च्या लागतात, पेट्या लागतात, तंबूच्या खुंट्या लागतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. शेवटची बदली दिल्लीच्या छावणीत झाली. निवृत्तीनंतर काही वर्षं कोपर्निकस मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहात ते मोडकी कपाटं आणि डगमगत्या खुर्च्या नीट करत. मग काकू गेल्या, तेही काम सुटलं, आणि ते या गच्चीत आले. घरमालक चौधरीजींनी त्यांना खोली दिली होती ती या बोलीवर, की पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे आणि सगळ्यांची दारं त्यांनी सांभाळायची. एकदा मी विचारलं, "काका, गावी लेक आहे, नातवंडं आहेत. इथं एकटे कशाला राहता?" ते म्हणाले, "तिकडं सगळे ओळखीचे. ओळखीच्या माणसांत शिस्त राहत नाही, पोरी."

मी इथं आले तेव्हा बाबा सोडायला आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांनी दिल्ली पहिल्यांदाच पाहिली. ते जिन्याच्या पहिल्या पायरीशी ट्रंक धरून उभे होते, वर जावं की इथंच थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. काका वरून उतरले. पायात घासून चकचकीत केलेल्या चपला, कानावर पेन्सिल.

"कुठून?"

"बार्शीकडून," बाबा म्हणाले. "म्हणजे बार्शीच्या पुढं, आमचं गाव जरा आत आहे, वैरागच्या..."

"बार्शी पुरे," काका म्हणाले आणि ट्रंकेची दुसरी कडी धरली. तीन मजले चढेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. वर आल्यावर काकांनी आमच्या खोलीचं दार तीन वेळा उघडलं-लावलं, कान लावून ऐकलं, आणि बाबांना म्हणाले, "दार बोलतंय. उद्या गप्प करतो." मला वाटतं, बाबा त्या एका वाक्यावर निर्धास्त होऊन परत गेले.

लाकडाबद्दल ते माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. ओलं लाकूड म्हणजे रंगरूट, नवीन भरती. सांगाल तसं वाकेल, पण भरवसा नाही. जुनं लाकूड म्हणजे सुभेदार. वाकणार नाही, पण एकदा उभं केलं की हलणार नाही. प्लायवूडचं नाव काढलं की ते तोंड फिरवत. "ती फौज नाही, ती गर्दी आहे. गोंदानं चिकटवलेली." मोजायच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे एक सागाची पट्टी होती, तिच्यावर चाकूनं खुणा. काय मोजायचं ते पट्टीवर ठेवायचं, खूण करायची, आणि तीच खूण लाकडावर उतरवायची. "आकडा ऐकला की माणूस विसरतो," ते म्हणत. "खूण विसरत नाही." आणखी एक नियम होता. दिवे लागले की करवत बंद. "दिव्याच्या उजेडात रेघ सरकते." हा नियम पुढं आमच्या चांगलाच अंगाशी आला.

आता स्केटबोर्डचं सांगते. ते सांगायचं म्हणजे मला आजही थोडं संकोचल्यासारखं होतं, कारण आमच्या घरी अजून नीट माहीत नाही. पहिल्या वर्षी वर्गात माझं तोंड उघडायचं नाही. इंग्रजी कळायचं, पण बोलायची वेळ आली की वाक्य घशात अडकायचं. हिंदी बोलले की मुलं हसायची, वाईट नाही, पण हसायची. भोपाळ त्या वेळी रोज सकाळी विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या मैदानावर स्केटबोर्ड घेऊन जायची. एकदा मला ओढून घेऊन गेली. "यार, बस खड़ी हो जा. कुछ नहीं करना." मी उभी राहिले. पडले. परत उभी राहिले. दोन आठवड्यांनी मी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता गेले आणि मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की तो आवाज माझा आहे हे मला क्षणभर खरं वाटलं नाही. कोर्स संपवून जाणाऱ्या एका सीनियर मुलीनं तिचा जुना बोर्ड मला दिला. मग समोरच्या तिघींनाही वेड लागलं. बोर्डवर उभं असताना 'मी इथं असले तर चालेल ना' असं मला कुणाला विचारावं लागायचं नाही. मला तेवढ्यासाठी तो हवा होता.

पाच बोर्ड झाले. खोली नऊ बाय दहाची, त्यात दोन कॉट, दोन टेबलं, एक कपाट. कॉटखाली ट्रंका. मग बोर्ड कुठं ठेवणार? जिन्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर. काका रोज सकाळी जिन्याची पाहणी करत, आणि बोर्डांपाशी आले की थांबून खाली बघत. "हत्यार जमिनीवर ठेवलंय," ते म्हणत. "हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही." आम्ही हसायचो आणि विसरायचो.

एका मंगळवारी चौधरीजींची आई वर येत होती. ऐंशीच्या पुढची, काटक, हातात काठी. गच्चीवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या बघायला. वळणावर तिचा पाय बोर्डवर पडला, बोर्ड सरकला आणि ती पायरीवर बसली. नशिबानं गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण चौधरीजी वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून आम्ही पाचही जणी भिंतीला चिकटलो.

"इतवार दस बजे," ते म्हणाले. "इतवार दस बजे तक ये गाड़ियाँ सीढ़ी पर दिखीं तो सीधे कबाड़ी को. और कमरे में ऐसे-वैसे पड़ी दिखीं तो भी. और सुन लो, दीवार में एक भी कील नहीं."

पाच बोर्ड, एक भरलेली खोली, भिंतीला खिळा मारायचा नाही, आणि पाच दिवस. भोपाळ म्हणाली, "गया समझो." पण त्या रात्री मी माझा बोर्ड कुशीत घेऊन झोपले, हे खरं आहे.

बुधवारी सकाळी काकांनी पाचही जणींना गच्चीवर बोलावलं. फॉल-इन म्हणाले. आम्ही ओळीत उभ्या राहिलो, रांची ब्रश तोंडात घेऊनच.

"मी चौधरीला शब्द दिलाय," ते म्हणाले. "रविवारी दहाला या हत्यारांना स्टँड असेल. बिल्कुल भिंतीला न लावता. आपल्या पायावर उभा. शब्द माझा आहे, काम आपलं आहे. कळलं?"

"काका, ये हथियार नहीं हैं," भोपाळ म्हणाली.

"चालवायला शिकावं लागतं का?"

"हाँ."

"चुकलं की लागतं?"

"हाँ, लगता है."

"दुसऱ्यालाही लागतं?"

खालून चौधरीजींच्या आईचं खोकणं ऐकू आलं.

"मग हत्यारच," काका म्हणाले.

मग त्यांनी खडू घेतला आणि गच्चीच्या फरशीवर पूर्ण मापाचं चित्र काढायला बसले. फौजेत बंदुका ज्या खोलीत ठेवतात तिला कोत म्हणतात, हे त्यांनी चित्र काढता काढता सांगितलं. त्यांनी आयुष्यात किती कोतांचे स्टँड केले त्याची गणतीच नव्हती. पठाणकोट, जबलपूर, कुठंतरी लडाखच्या वाटेवर. बंदुकीचा दस्ता खाली खाचेत, नळी वर अर्धगोल खाचेत, आणि समोरून एक आडवा दांडा, कुलूप लावायला. सगळ्या बंदुका उभ्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे. "रांग दिसली पाहिजे. रांग दिसली की एक जरी कमी असली तरी कळतं." आमचे बोर्डही तसेच उभे राहणार होते. शेपूट खालच्या खाचेत, नाक वरच्या खाचेत, आणि चाकं बाहेरच्या बाजूला, कारण प्रत्येक बोर्डच्या पोटावर ते चाकांच्या मध्ये पांढऱ्या रंगानं गाव लिहिणार होते आणि गाव समोरून वाचता आलं पाहिजे.

मी त्या वेळी माझा बोर्ड शेपटीवर उभा करून नाकाला धरून उभी होते. हात जरा सैल सोडला की तो पुढं यायचा, चाकांच्या बाजूला. प्रत्येक वेळी. सगळं लोखंड तिकडेच, वजन तिकडेच. मी खडूच्या चित्राकडे बघितलं. तिथं पाच बोर्ड, सगळ्यांची चाकं समोर. माझ्या मनात आलं, हे पडेल.

"काका..."

"हां, बोल."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांवर जाड चष्मा, कानावर पेन्सिल, पन्नास वर्षांचा हात. मी कोण सांगणारी?

"काही नाही," मी म्हणाले.

लाकूड त्यांच्याकडे होतं. सरकारी जुने क्वार्टर पाडले तेव्हा भंगारात आलेल्या देवदाराच्या चौकटी, त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जपून ठेवलेल्या. आम्हाला वाटलं, आता कापायला सुरुवात. पण नाही. त्यांनी चौकटी आमच्या खोलीत आणून दोन कॉटच्या मध्ये उभ्या केल्या आणि म्हणाले, "दोन दिवस राहू दे."

"दोन दिन?" भोपाळ किंचाळली. "काका, इतवार!"

"गच्चीवरचं ऊन वेगळं, तुमच्या खोलीतली हवा वेगळी. लाकडाला नवीन जागेची सवय होऊ द्यावी. नाहीतर स्टँड झाल्यावर वाकडा होतो. नव्या छावणीत माणूस आल्या आल्या कामाला लावला तर आजारी पडतो की नाही?"

दोन दिवस आम्ही त्या चौकटींवरून उड्या मारत बाथरूमला गेलो. खोलीत देवदाराचा वास भरला. शुक्रवारी सकाळी काका आले, प्रत्येक चौकटीवर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "आली माणसं घरी."

शुक्रवार आणि शनिवार आठवले की अजून अंगात फुरफुर होते. सगळी गच्ची भुशानं भरलेली. तेजपूर आणि कोटा लाकूड धरायच्या, रांची वाकडे जुने खिळे पकडीनं उपटायची, भोपाळ फोनवर गाणी लावायची आणि काका म्हणायचे, "बंद कर, करवतीचा ताल चुकतो." पलीकडच्या गच्चीवर कबुतरं पाळणारा एक माणूस होता, तो त्याचं काम सोडून कठड्यावर बसून बघायचा आणि दर अर्ध्या तासानं विचारायचा, "चारपाई बन रही है क्या?" काकांनी मला पटाशी दिली आणि खाच पाडायला शिकवलं. एका ठोक्यात खोल जायचं नाही. थोडं, मग उलट बाजूनं थोडं. चपटे, पातळ तुकडे उडायचे, आतलं लाकूड गुलाबी दिसायचं. "शाबास, बार्शी. हाताला घाई नाही. तोंडाला पण नाही." शेवटचं ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण माझा हात थांबला. मला बुधवार आठवला. तरी मी बोलले नाही. इतकं काम झालं होतं. आणि मला वाटत होतं, कदाचित त्यांना माहीत असेल. एवढ्या मोठ्या माणसाला माहीत नसेल असं कसं होईल?

स्टँडमध्ये एकही खिळा नव्हता. खाचेत जीभ, जिभेच्या भोकात पाचर. शनिवारी दिवेलागणीच्या जरा आधी तो आमच्या खोलीत दाराच्या मागं उभा राहिला. छातीएवढा उंच, सरळ, देखणा. आम्ही पाच जणी टाळ्या वाजवायला लागलो. काकांनी हात वर केला.

"हत्यार जमा. एक एक. तेजपूर!"

तेजपूरनं बोर्ड ठेवला. पोटावर पांढऱ्या अक्षरांत तेजपूर. मग कोटा. रांची. भोपाळनं ठेवताना सलाम ठोकला. शेवटी मी. पाचही गावं ओळीनं वाचता येत होती. काका दोन पावलं मागं सरले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला बघवेना.

आधी एक बारीक आवाज झाला, लाकूड कण्हल्यासारखा. मग माझा बोर्ड वरच्या खाचेतून बाहेर झुकला. त्याच्या धक्क्यानं भोपाळचा, मग रांचीचा. आणि पाचांच्या ओझ्यानं अख्खा स्टँड सावकाश, अगदी सावकाश, आमच्याकडे यायला लागला. काकांनी आणि कोटानं तो धरला. बोर्ड मात्र थांबले नाहीत. तेजपूरचा बोर्ड चाकांवर पडला, उघड्या दारातून बाहेर निघाला, आणि जिना उतरायला लागला. ठक, ठक, ठक. वळणावर भिंतीला आपटला. परत ठक, ठक. आम्ही सगळ्या ऐकत होतो. तो थेट तळमजल्यावर, चौधरीजींच्या दारात जाऊन थांबला.

"के हुया?" खालून चौधरीजींचा हरयाणवी आवाज आला.

काका जिन्याच्या कठड्यावरून वाकले आणि खणखणीत ओरडले, "रिहर्सल, चौधरी साहब! इतवार की रिहर्सल!"

मग ते आत आले आणि माझ्या कॉटवर बसले. ते कुणाच्या खोलीत कधी बसत नसत. दारात उभं राहून बोलत. आज बसले, आणि आपल्या हातांकडे बघत राहिले.

"बंदुकीला चाकं नसतात," ते हळूच म्हणाले. "लक्षातच आलं नाही."

तेव्हा मला राहवलं नाही. "काका, मला वाटलं होतं. वजन पुढं येतंय असं."

त्यांनी मान वर केली. "कधी?"

"बुधवारी. तुम्ही खडूनं काढत होता तेव्हा."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"म्हणजे तीन दिवस तुला माहीत होतं, आणि मी दोन दिवस चुकीचं लाकूड कापतोय, तुझ्या डोळ्यादेखत. आणि तू माझ्याच पटाशीनं त्याला खाचा पाडतेस."

"तुम्ही मोठे. तुम्हाला एवढं येतं. मी कशी..."

"संतरीचा दर्जा माहीत आहे तुला?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "फाटकावर उभा असतो तो. सगळ्यात खालचा शिपाई. पण तो 'थम' म्हणाला की जनरलची गाडीपण थांबते. थांबावंच लागतं. तो लाजला, तर आतल्या सगळ्यांचं काय?"

भोपाळला मराठी अर्धीमुर्धीच कळायची, पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मग आता?" काका म्हणाले. "नुसतं पडणार एवढंच दिसलं, का पुढचं पण दिसलं?"

दिसलं होतं. त्याच बुधवारी दिसलं होतं. माझी आई खुरपणीला जाते. तिचं खुरपं, विळा, कधी जमिनीवर नसतात आणि कधी उभे टेकवूनही ठेवलेले नसतात. कुडाच्या आडव्या काठीला त्यांच्याच वाकाला अडकवून ठेवतात. ते आपल्याच वजनानं घट्ट बसतात. मी बोर्ड उचलला. चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो, तो मी माझ्या कॉटच्या उशाकडच्या उंच लोखंडी पट्टीवर अडकवला, चाकं आतल्या बाजूला. आणि हात सोडला. बोर्ड लटकत राहिला. काकांनी एका बोटानं त्याला ढकललं. तो डोलला आणि जागेवर आला. त्यांनी जोरात ढकललं. परत जागेवर.

"अरे!" काका उठले. "अरे, अरे! ज्यानं पाडलं, त्यालाच धरायला लावायचं!" त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिथंच कॉटच्या चादरीवर रेघ ओढायला लागले, मग भोपाळनं वही पुढं केली. "वरची पट्टी एक हात खाली. खाचा नकोतच. खालच्या चाकांना टेकायला दुसरी पट्टी. वजन सरळ खाली, पायांवर. बार्शी, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आईचं खुरपं..."

"अच्छा. आईनं," ते म्हणाले आणि वहीवर वाकले.

आता सगळ्यांना घाई झाली. भोपाळ करवत आणायला पळाली. पण काकांनी खिडकीबाहेर बघितलं. गल्लीतले दिवे लागले होते.

"बंद," ते म्हणाले.

"काका, प्लीज! आज के दिन!" भोपाळ अक्षरशः हात जोडून उभी राहिली.

"दिव्याच्या उजेडात रेघ सरकते. एकदा चुकलोय मी. दोनदा चुकणार नाही. पाचला फॉल-इन."

रविवारी पाचला आम्ही सगळ्या तयार होतो. तेजपूरनं केस बांधलेले, रांचीनं दात घासलेले. उजाडलं तशी करवत सुरू झाली. काय सांगू, असा रविवार माझ्या आयुष्यात दुसरा नाही. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. एकीनं लाकूड फिरवलं की दुसरीचा हात तिथं असायचा. कबुतरवाल्यानं पलीकडून चहा पाठवला, दोरीला किटली बांधून. सात वाजता वरची पट्टी निघाली. आठला पट्टी बसवायची नवी खाच तयार झाली, पण जीभ आत जाईना, काकांनी ती केसाएवढी तासली आणि गेली. मध्येच ते मला विचारायचे, "बार्शी, बघ. काय दिसतंय?" आणि मी सांगायचे. "इकडून थोडं वर आहे, काका." ते खरंच थांबायचे. पट्टी लावून बघायचे. एकदा मी चुकले. "नाही, सरळ आहे," ते म्हणाले आणि पुढं गेले, जणू चुकणं म्हणजे काही विशेष नाही.

दहाला वीस मिनिटं कमी असताना शेवटची पाचर राहिली. काकांनी ठोकायची लाकडी मोगरी माझ्या हातात दिली.

"ठोक. आवाज ऐक. ठक येतोय तोपर्यंत जागा आहे. टण् आला की थांब."

ठक. ठक. ठक. ठक. टण्. मी थांबले.

बोर्ड अडकवले. गावांची नावं आता भिंतीकडे गेली होती, दिसत नव्हती. काकांना ते खुपत होतं हे मला कळत होतं. पण समोरून आडवा दांडा लागला, त्याला काकांनी त्यांचं पितळी कुलूप लावलं, आणि खालून काठीचा आवाज यायला लागला. चौधरीजी एकटे आले नव्हते. आईला घेऊन आले होते.

चौधरीजींनी दारातून बघितलं. आधी जिन्यात, मग खोलीत, मग भिंतीवर, एखादा खिळा दिसतोय का ते. "ताला किसलिए?" ते म्हणाले.

"हथियार है, साहब," काका म्हणाले. ते सावधानमध्ये उभे होते.

चौधरीजी बोलणार, तेवढ्यात म्हातारी त्यांना बाजूला सारून आत आली. तिच्या गुडघ्याला अजून पट्टी होती. तिनं काठी उचलली आणि पहिल्या बोर्डला ढोसलं. डोलला, थांबला. दुसऱ्याला. तिसऱ्याला जरा रागानं. चौथा. माझ्या बोर्डला तिनं असं हाणलं की कुलूप खणकलं. तो डोलला आणि जागेवर आला. मग तिनं स्टँडचा पाय ढकलून बघितला. हलला नाही.

"इब ठीक सै," ती म्हणाली. आम्ही अजून हललो नव्हतो. "खोल इसनै."

काकांनी कुलूप उघडलं. तिनं काठीनं माझ्या बोर्डकडे दाखवलं. मी तो काढून फरशीवर ठेवला. ती माझ्या कॉटवर टेकली, चपला काढल्या, आणि एक पाय बोर्डवर ठेवला.

"माँ!" चौधरीजी ओरडले. "पागल हो गी के? फेर गिरैगी!"

"चुप रह," ती म्हणाली. "इसनै मन्नै गिराया था. मैं भी देखूँ, इसमें है के." आणि माझ्याकडे बघून, "छोरी, हाथ दे."

मी हात दिला. दुसऱ्या बाजूनं भोपाळनं दंड धरला. म्हातारी उभी राहिली. ती इतकी हलकी होती आणि इतकी घट्ट धरून होती की माझी बोटं पांढरी पडली. बोर्ड थरथरला. तिनं माझ्याकडे बघितलं, चौधरीजींनी माझ्याकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणालाही विचारलं नाही.

"घुटने मोड़ो, दादी," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. "नीचे मत देखो. सामने, दरवाज़े की तरफ. मैं पकड़े हूँ."

तिनं गुडघे वाकवले. मी हळूच ओढलं. चाकं फिरली. टेबलापासून कपाटापर्यंत, पुरते तीन फूट. म्हातारीचं तोंड उघडं राहिलं होतं. कपाटापाशी मी बोर्ड थांबवला. चौधरीजी डोळे मिटून उभे होते, ते त्यांनी उघडले.

"एक बार और," म्हातारी म्हणाली. "पर जगह घणी कम सै."

काका पुढं आले, माझ्या कॉटची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी बाजू धरायला चौधरीजींना मानेनं खुणावलं, आणि दोघांनी मिळून कॉट उचलून भिंतीला उभी लावली.